वहीतला 'मी'

मागल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात एक कार्यकर्ती उठली आणि म्हणाली, "दादा, मी रोज रात्री वहीत लिहिते. दिवसभरात जे झालं ते. लिहिलं की बरं वाटतं. हे चूक हाय का?" मागनं लगेच एकानं आवाज टाकला, "डायरी म्हंजे पांढरपेशांचे चोचले! आपण पत्रकं लिहायची, डायऱ्या नव्हं." पोरं हसली. मुलगी खाली बसली. वर्ग मी घेत होतो आणि मीही गप्प राहिलो. ते गप्प राहणं तेव्हापासून डाचतंय. तिथं बोलायला पाहिजे होतं ते आता कागदावर बोलतो.

दोस्तहो, मागून ओरडणाऱ्याचं सगळंच चुकलं नाही हे आधी मान्य करू. बाजारात हल्ली 'जर्नल' नावाची चीज मिळते. जाड पुठ्ठा, रेशमी फीत, गुळगुळीत कागद. पानाच्या डोक्यावर छापील प्रश्न : आज तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात? कृतज्ञ! आपल्या आज्या-पणज्यानं येसकरपाळीची भाकर मागताना दारोदार 'जोहार मायबाप' घातला, तो या कृतज्ञतेचाच रोजचा व्यायाम होता. शिळ्या तुकड्याबद्दल कृतज्ञ. लांबनं टाकला तरी टाकला म्हणून कृतज्ञ. आज मारलं नाही म्हणून कृतज्ञ. ती वही आमची केव्हाच भरून झालीय, शिलकीत एक पान नाही. पुढचा प्रश्न : आज तुम्ही कुणाला माफ केलंत? ज्यानं माफी मागितलीच नाही त्याला माफ करायचं आणि शांत झोपायचं. जखम तुमची, मलम तुम्हीच विकत आणायचं, आणि मारणाऱ्याचं नाव पानावर कुठंच नको. अशा वहीला चोचले म्हणा, नाहीतर त्याहून वाईट काही म्हणा. माझी हरकत नाही.

पण त्या मुलीची वही ही वही नव्हे. तिची वही म्हणजे शाळेची शंभरपानी, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली. दोन्ही वह्यांना एकच नाव देऊन दोन्ही फेकून देणं म्हणजे विचार करायचा कंटाळा करणं.

'रोजनिशी' हा शब्दच मराठीत राज्यकर्त्यांचा आहे. पेशव्यांच्या रोजनिशीतले उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी निवडले, त्यांचे खंडच्या खंड छापले गेले. त्यात दिवसामागून दिवस आहेत, पण ज्याचं दप्तर त्याचे दिवस. गावात दप्तर कुलकर्ण्याकडं. महारानं टपाल वाहिलं, वसूल तालुक्याला पोचवला, दुसऱ्याच्या मौतीचा सांगावा ऊनपाऊस न बघता गावोगाव नेला. स्वतःच्या दिवसाची नोंद करायला त्याच्याजवळ अक्षर नव्हतं, कागद नव्हता, कोपराही नव्हता. कोपऱ्याचं विसरू नका. मुंबईत बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, त्यात चूल, मोरी, आणि माणसं एकाच्या अंगावर एक. खाजगी वही लिहायची कुठं आणि ठेवायची कुठं? तेव्हा 'डायरी ही आपली परंपरा नाही' असं कुणी म्हणालं तर मी म्हणेन, खरंय. चवदार तळ्याचं पाणी पिणं हीसुद्धा आपली परंपरा नव्हती. १९२७ साली ओंजळ भरून घेतलं.

आपली लिहिण्याची परंपरा दुसरी आहे. १८५५ साली जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त आला. पहिल्या अक्षरापासून तो 'आम्हां'चा आहे. १९७८ नंतर आत्मकथनं आली. दया पवारांचं 'बलुतं', प्र. ई. सोनकांबळ्यांचं 'आठवणींचे पक्षी', लक्ष्मण मान्यांचं 'उपरा', शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ', कुमुदताई पावड्यांचं 'अंतःस्फोट', लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी'. मराठी साहित्याचा सगळा साजशृंगार या पुस्तकांनी उतरवला, ते सांगायला नको. पण एक गोष्ट आपले समीक्षक बोलत नाहीत. ही पुस्तकं समोर वाचणारा बसवून लिहिलेली आहेत. एका बाजूला सवर्ण वाचक : बघ, तू काय केलंस. दुसऱ्या बाजूला आपला समाज : बघा, हे आपलं जिणं. 'बलुतं' आल्यावर आपल्यातल्याच शिकलेल्यांनी नाकं मुरडली होती, झाकलेला उकिरडा कशाला उकरता म्हणून. म्हणजे लिहिणाराच्या मानेवर दोन्हीकडनं श्वास. 'बलुतं'त लिहिणारा दोन झाला, शहरातला दया पवार आणि गावचा दगडू मारुती पवार, आणि एकानं दुसऱ्याचं ऐकत बसायचं, ही मला लेखनाची युक्ती वाटत नाही. ती नड होती. हा माणूस पुस्तकभर स्वतःशी बोलायला जागा शोधतोय. आपल्या साहित्यात रोजनिशीच्या सगळ्यात जवळ गेलेलं पुस्तक मला तेच वाटतं.

बेबीताई कांबळ्यांचं बघा. फलटणला किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून त्या लिहीत आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवीत. वीस वर्षं लपवलं. ते लेखन आधी 'स्त्री' मासिकात आणि मग १९८६ साली 'जिणं आमुचं' म्हणून पुस्तकात आलं. लपवलेल्या वह्या! याहून मोठी रोजनिशी कोणती? पण आत काय आहे? गाव आहे, म्हारवाडा आहे, आषाढातल्या जत्रा, बाळंतिणींचे हाल, सासुरवास, बाबासाहेबांच्या भाषणानं पेटलेल्या बाया. नाव 'जिणं आमुचं', 'माझं' नव्हे. आणि स्वतःच्या नवऱ्याचा संशय, त्याची मारझोड? ते त्यांनी सांगितलं, पण पुस्तकात नाही. पुढं माया पंडितांनी इंग्रजी भाषांतर केलं, २००८ साली ते निघालं, त्याला जोडलेल्या मुलाखतीत. बेबीताईंनी ते का ठेवलं नाही हे समजण्यासारखं आहे. समाजाचं दुःख मोठं, त्यापुढं माझं काय, ही त्या पिढीची शिस्त. मी तिच्यापुढं मान वाकवतो. पण समीक्षक म्हणून विचारणं भाग आहे : नवऱ्यापासून वही लपवणारी बाई त्याच वहीत नवऱ्याबद्दल लिहू शकत नाही, तर 'आम्ही' हा शब्द बाईकडनं किती किंमत घेतो? आपल्या घरोघरी, आपल्या कार्यकर्त्यांच्या घरी (हो, आपल्याच) असं न लिहिलेलं किती पडून असेल?

आता मी तुम्हाला ब्राझीलला नेतो. साओ पावलो शहरात तिएते नदीच्या काठाला कानिंदे नावाची झोपडपट्टी होती. तिथं कारोलिना मारिया द जेझुस ही काळी बाई राहायची. जन्म १९१४, शाळा जेमतेम दोन वर्षं, पदरात तीन पोरं, नवरा नाही. धंदा कागद-भंगार वेचायचा. त्या भंगारात तिला अर्धवट कोऱ्या वह्या मिळत. त्यांत ती लिहायची. १९५८ साली औदालियो दांतास नावाचा बातमीदार वस्तीत आला. ही बाई तिथं दंगा करणाऱ्या बाप्यांना दम देत होती की थांबा, तुमची नावं माझ्या पुस्तकात घालते! त्यानं विचारलं, कसलं पुस्तक? तिनं वह्या काढून दाखवल्या. १९६० साली त्यातलं निवडून पुस्तक निघालं. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ होईल 'अडगळीची खोली'. तिचं म्हणणं, शहर हा दिवाणखाना आणि आमची वस्ती ही नको ती वस्तू टाकायची अडगळ. पहिल्या काही दिवसांतच दहा हजार प्रती खपल्या.

पुस्तकाची पहिली नोंद १५ जुलै १९५५ ची. त्या दिवशी तिच्या मुलीचा वाढदिवस. बूट घेऊन द्यायचे होते, पैसे नाहीत, कचऱ्यात एक जोड सापडला, तो धुतला, दुरुस्त केला, पोरीला घातला. एवढंच. आक्रोश नाही, घोषणा नाही. तारीख, बूट, पोरगी. मी ही नोंद वाचून पुस्तक मिटलं होतं. माझ्या आईनं... जाऊ द्या.

पुढं नोंदी अशाच. पहाटे उठून नळावर रांग. किती किलो कागद, किती पैसे, त्यात काय आलं. भूक फार झाली की सगळं पिवळं दिसतं, आभाळ, झाडं, माणसं. जेवल्यावर रंग परत जागेवर येतात. १३ मे १९५८ ची नोंद बघा. १८८८ साली याच तारखेला ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली. तिथल्या काळ्यांचा तो मोठा दिवस. कारोलिना तारखेचा मान राखते, मग पावसानं कागद वेचायला जाता आलं नाही ते लिहिते, पोरांना खायला काय ते लिहिते, आणि शेवटी म्हणते की या तारखेला मी खऱ्या गुलामगिरीशी लढले, ती भूक. चौदा एप्रिलच्या रात्री डीजे थांबल्यावर आपल्यापैकी कुणी असली नोंद केलीय का?

तिला लिहून बरं वाटायचं का? वाटायचं. लिहिताना ती कल्पनेत सोन्याच्या महालात राहते, वस्तीचा विसर पडावा म्हणून तसं करावं लागतं, हेही तिनंच लिहून ठेवलंय. पण महालातून ती रोज खाली उतरते आणि कागदाचा भाव लिहिते. बाजारू जर्नलवाला हा जिना मधनंच तोडतो. त्याला फक्त महाल हवा.

आता कारोलिनाची दुसरी बाजू. आपण कुणाला देव्हाऱ्यात बसवायचं नाही. ती शेजाऱ्यांबद्दल कडू लिहिते, पुष्कळदा अन्यायानं लिहिते. दारुडे, भांडखोर, चोर, सगळे नावानिशी. पुस्तक आल्यावर वस्ती सोडताना शेजाऱ्यांनी तिच्यावर दगड मारले. ते दगड मला समजतात. वही छापली की वही राहत नाही, फिर्याद होते, आणि फिर्यादीत शेजाऱ्यालाही बोलायचा हक्क पाहिजे. शिवाय दांतासनं काय केलं? वीस वह्यांतून निवड त्याची. भूक ठेवली. तिच्या कविता, कादंबऱ्या, नाटकं यांत कुणाला रस नव्हता. तिला लेखक व्हायचं होतं, लोकांना तिची झोपडी हवी होती. पुढच्या पुस्तकात पक्क्या घरातलं जिणं लिहिलं, ते खपलं नाही. १९७७ साली ती शहराबाहेर गरिबीतच मेली. आमच्या लेखकांना 'अजून थोडं दुःख द्या' म्हणणारे संपादक मी पाहिलेत. त्यामुळं ब्राझील मला लांब वाटत नाही.

'डायरी लिहिणं कार्यकर्त्याला शोभत नाही' म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' काढून बघावं. ती रोजनिशी नव्हे, आठवणींची टिपणं आहेत, १९३५-३६ च्या सुमाराची. बाबासाहेबांच्या हयातीत ती छापली गेली नाहीत, कागदांतच राहिली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली पुस्तिका काढली. जरा वाचा कसं लिहिलंय. लहानपणी बापाला भेटायला निघालेली पोरं, स्टेशनमास्तरचा बदललेला चेहरा, दुप्पट भाडं मागणारा आणि तरी स्वतः गाडी न हाकता पायी चालणारा गाडीवाला, रात्रभर न मिळालेलं पाणी. बडोद्यातली पारशी खानावळ, दारात काठ्या घेऊन आलेली माणसं, मागितलेली आठवड्याची मुदत, मग बागेत एकट्यानं बसणं आणि आईबापांची आठवण. १९२९ साली चाळीसगावला महाराला टांग्यात घेऊन जायला टांगेवाले तयार नाहीत, म्हणून आपल्याच माणसानं सवय नसताना टांगा हाकला आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. इथं ते आपल्या माणसांचा मानीपणाही लिहितात : पाहुण्यानं पायी जाऊ नये म्हणून त्याचा जीव धोक्यात घातला. आणि बडोद्याचं आठवलं की अठरा वर्षांनंतरही डोळ्यांत पाणी येतं, हेही ते लिहितात. ज्या माणसानं मनुस्मृती जाळली तो माणूस 'मी रडतो' असं लिहितो. आपण मात्र रडलो तर चळवळ भिजेल असं समजतो.

बघा, त्या टिपणात दोन गोष्टी एकत्र आहेत. कोण, कुठं, कधी, काय म्हणाला, हे एक. आणि माझ्या आत काय झालं, हे दुसरं. या जोडीबद्दल एक शास्त्रीय गोष्ट सांगतो. १९८६ साली अमेरिकेत पेनेबेकर आणि बील यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. डॅलसच्या विद्यापीठातली ४६ पोरं-पोरी. चार दिवस ओळीनं, रोज पंधरा मिनिटं लिहायचं. काहींनी किरकोळ विषयावर लिहिलं. बाकीच्यांनी आयुष्यातल्या वाईट आघातावर, पण त्यांचे तीन गट : एकानं नुसत्या घटना लिहिल्या, एकानं नुसत्या भावना, एकानं दोन्ही. दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्याबरोबर उलट जास्त वाईट वाटलं, रक्तदाबही वाढला. पण पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या त्या त्यांच्याच. फार हुरळून जाऊ नका. पुढं असे प्रयोग शेकड्यानं झाले, २००६ साली १४६ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा फायदा निघाला, पण लहान. वही म्हणजे रामबाण नव्हे. आणि ती पोरं कॉलेजातली, त्यांचा आघात बहुधा होऊन गेलेला. आपला रोज सकाळी नव्यानं सुरू होतो.

तरी ही जोडी मला पटते, कारण माझी स्वतःची वही फसलेली आहे. १९८७ ची. तेव्हा मी एका कचेरीत नवा कारकून होतो. कुठली ते राहू द्या. तिथं माझा पाण्याचा पेला कसा कोण जाणे नेहमी वेगळा पडायचा. घरी येऊन मी वहीत लिहायचो. परवा माळ्यावरनं ती वही काढली. काय सापडलं? 'मनुवादी मानसिकतेचा धिक्कार असो', खाली तीन रेघा. पानंच्या पानं तसलीच. तो माणूस नेमकं काय बोलला, कुठल्या दिवशी, शेजारी कोण हसलं, मी काय उत्तर दिलं, दिलं का, घशात काय झालं, जेवण गेलं का, यातलं एक अक्षर नाही. म्हणजे स्वतःच्या वहीतही मी पत्रकच काढत होतो. वाचक कुणी नव्हता, तरी सभा भरवली होती. आज मला तो अपमान आठवतो, पण धूसर. पुरावा म्हणून शून्य, औषध म्हणूनही शून्य. त्याच वर्षी मी घरात बायकोवर, पोरांवर किती आणि कसा ओरडलो ते मात्र त्यांना तारीखवार आठवतं.

पुराव्याचं बोललो तर तेही सांगून टाकतो. घटना घडली तेव्हाच केलेली नोंद बघून साक्षीदाराला कोर्टात आठवण ताजी करता येते, ही तरतूद कायद्यात जुनी आहे, नव्या कायद्यातही राहिलीय. ॲट्रॉसिटीची केस वर्षानुवर्षं चालते. साक्षीला उभं राहिल्यावर वकील पहिलं विचारतो, वेळ काय होती. ज्यानं त्या रात्री लिहिलं तो सांगतो. पण म्हणून रोजची वही पंचनाम्यासारखी लिहू नका. मग ती दुसरं पत्रकच होईल.

आता जे बोलायला जड जातं ते. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादेत रोहित वेमुला गेला. त्याचं शेवटचं पत्र सगळ्या देशानं वाचलं. तो त्याआधी कितीतरी दिवस फेसबुकवर लिहीत होता, ते निखिला हेन्रींनी गोळा केलं आणि २०१७ साली त्याची ऑनलाइन डायरी म्हणून पुस्तक आलं. आधी पत्र वाचलं, मग डायरी. हा क्रम माझ्या छातीवर बसलाय. त्याच्या लिहिण्यानं त्याला वाचवायला हवं होतं असं मी म्हणत नाही. ज्या व्यवस्थेनं कोंडी केली तिचा जाब वहीला विचारायचा नसतो. पण आपल्या शेजारी बसून घोषणा देणारा पोरगा रात्री एकटा काय लिहितो, हे विचारायची सवय आपल्या संघटनांना नाही. 'कसा आहेस?' 'जय भीम, मजेत.' संपलं.

म्हणून मी त्या मुलीला एवढंच सांगेन. लिही. तारीख घाल. कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दात लिही, शिवी असली तर शिवीसकट. मग तुला काय झालं ते लिही, पोटात, घशात, झोपेत. तू स्वतः कुठं चुकलीस तेही. प्रमाण भाषेची फिकीर नको, तिथं कुणी मास्तर नाही. दाखवायची कुणाला ते तू ठरवायचं, मी नाही, संघटना नाही, नवरा तर नाहीच. फोनमध्ये लिहिणार असशील तर तो फोन घरात कोण कोण उघडतं याचा विचार कर. आणि चार-चार आठवडे वही एकाच खड्ड्यात फिरत राहिली, झोप उडाली, मरणाचे विचार यायला लागले, तर वही मिटून माणसाकडं जा. डॉक्टरकडं जायला लाज कसली? टेली-मानस म्हणून सरकारी फोन आहे, १४४१६, फुकट लागतो. आणि मला हाक मार, रात्री कितीही वाजता.

मागच्या बाकावरच्या मित्राला वेगळं सांगायचंय. तू चोचले म्हणालास तेव्हा सगळ्यांत मोठ्यांदा हसलास. बाबा रे, तुझी आई गेली त्याला चार महिने झाले, आणि तू त्यावर एकदाही बोलला नाहीस. त्या आठवड्यात तू तीन मोर्चे केलेस.

येत्या रविवारी सकाळी दहाला वर्गात 'व्हिसा'तला चाळीसगावचा भाग वाचायचा आहे. वही आणायची सक्ती नाही. आणली तर कुणी मागून बघणार नाही, ती जबाबदारी माझी.